सत्काराच्या शालीची बकरी

सगळा घोळ 'होऊन जाईल' या दोन शब्दांनी केला.

महादेवराव उमाळे मोताळ्यातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. (कुठल्या कचेरीत, ते सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या कचेऱ्या आतून सारख्याच दिसतात.) उभ्या नोकरीत त्यांनी कुणालाही 'होऊन जाईल' असं म्हटलं नव्हतं. ते 'बघू' म्हणत. फारच घरोब्यातला माणूस असला, तर 'बघू ना' म्हणत. त्या 'ना'वर विसंबून माणसं वर्षं काढत. पण रिटायर झाल्यावर माणूस जरा सैल पडतो, आणि एका सकाळी गल्लीतल्या अंगणवाडीची सेविका छाया दारात उभी राहिली तेव्हा महादेवराव नेमके चहा पिऊन प्रसन्न झालेले होते.

"काका, पुढच्या महिन्यात आपल्या अंगणवाडीत बालमेळावा हाय," छाया म्हणाली. "प्रकल्प अधिकारी बाई येऊन राह्यल्या. लेकरायले गोष्टी सांगाले कापडाच्या बाहुल्या पाह्यजे होत्या, बोटात घालाच्या. तुमच्या निशीताईनं पुण्याहून थे कापाचं मशीन धाडलं म्हनते ना? तुमच्याच्यानं होईन का?"

"होऊन जाईल," महादेवराव म्हणाले.

आत पोळ्या लाटणाऱ्या अन्नपूर्णाबाईंचं लाटणं थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्यांनी या घरात पहिल्यांदाच ऐकले होते.

आता मशीनबद्दल. महादेवरावांची मुलगी निशिगंधा पुण्यात राहते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जी वस्तू मावत नाही ती मोताळ्याला येते, असा त्या घराचा रिवाज आहे. याआधी व्यायामाची सायकल आली होती. तिच्यावर आता टॉवेल वाळतात. मग हे आलं. हार्मोनियमच्या पेटीएवढं पांढरंशुभ्र यंत्र. लॅपटॉपवर चित्र काढायचं, एका चिकट पाटीवर कागद किंवा कापड चिकटवून ती पाटी यंत्राच्या तोंडात द्यायची, की आतलं इवलंसं पातं चित्राबरहुकूम कापत जातं. "बाबा, तुमचा वेळ जाईल," निशिगंधा म्हणाली होती. आपला वेळ जात नाही हे पुण्याला कुणी कळवलं, याचा महादेवरावांनी बरेच दिवस तपास केला होता.

यंत्र बैठकीत टेबलावर मांडलं गेलं. बैठकीत म्हणजे बैठकीच्या उरलेल्या भागात, कारण निम्मी बैठक शेजारच्या पुंजाजीच्या कापसानं भरली होती. पुंजाजीचं घर लहान, कापूस भरपूर, आणि भाव काही वर सरकेना. "भाव आला का उचलतो, साहेब," असं म्हणून त्यानं दिवाळीनंतर ढीग आणून टाकला होता. तेव्हापासून तो रोज कापसाची विचारपूस करायला येई, ढिगाला टेकून बसे आणि महादेवरावांना सल्ले देई. कापूस महादेवरावांच्या घरात असल्यामुळे सल्ल्यांतून जागेचं भाडं वळतं होतंय, असा काहीसा त्याचा समज असावा.

पुंजाजीनं यंत्राकडे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं. काही बोलला नाही. पुंजाजी बोलला नाही की समजावं, तो दुसरीकडे बोलणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणसं उभी. एकाला सातबारा काढायचा होता, दुसऱ्याला पीकविम्याचा फॉर्म भरायचा होता. "पुंजाजीभाऊ म्हने, साहेबानं आनलाइन सेंटर टाकलं." महादेवरावांनी हे छापायचं यंत्र नसून कापायचं आहे, असं खुलासेवार सांगितलं. त्यावर "कायले कापता साहेब, आधीच विम्यात लय कापते," असं म्हणून तो माणूस नाराजीनं गेला. तानुबाई नावाची एक म्हातारी मात्र हटेना. तिचा अंगठा बँकेत उमटत नव्हता. तिनं पदराला अंगठा पुसला आणि सरळ यंत्राच्या तोंडाशी नेला.

"आजी, थांबा! आत पातं आहे!" महादेवराव ओरडले.

"मंग बोटाचं मशीन हाय म्हंते ना छाया?"

"बोटाचंच आहे. पण तुमच्या बोटाचं नाही."

"हाव," तानुबाई म्हणाली, "गरिबाचं बोट कोनाले चालते!" आणि ती गल्लीभर हेच सांगत गेली. तीस-पस्तीस वर्षं लोकांना खरोखर परत पाठवूनही महादेवरावांचं नाव एवढं झालं नव्हतं.

पुढचा प्रश्न कापडाचा. निशिगंधानं फोनवर सांगितलं की याला फेल्ट नावाचं कापड लागतं. फेल्ट मोताळ्यात कुणी ऐकलेलं नव्हतं, म्हणून महादेवराव एसटीनं खामगावला गेले. पहिल्या दुकानदारानं टोप्या दाखवल्या. दुसऱ्यानं "शेठ, वेलवेट घेऊन जा ना, लग्नात चालते," म्हणून गळ घातली. तिसऱ्यानं विचारलं, "कशाले पाह्यजे?" महादेवरावांच्या तोंडून "बाहुल्यांसाठी" हा शब्द काही केल्या निघेना. भर दुकानात, चार बायका साड्या बघताहेत आणि एक निवृत्त हेडक्लार्क बाहुल्यांचं कापड मागतोय, हे त्यांच्या मनाला पटेना. "शैक्षणिक प्रयोजनार्थ," ते म्हणाले. दुकानदार आत गेला आणि शाळेच्या युनिफॉर्मचं खाकी घेऊन आला. शेवटी नजर जमिनीवर ठेवून खरं सांगावं लागलं. तेव्हा माळ्यावरून जाड, मऊ, रंगीत कापडाचे तुकडे निघाले. साड्या बघणाऱ्या चारही बायकांनी ते महादेवरावांना निवडून दिले, आणि नात किती वर्षांची हेही विचारून घेतलं. नात नाही असं सांगितल्यावर चौघी एकदम गप्प झाल्या. ती शांतता महादेवरावांना एसटीत मलकापूर रोडपर्यंत ऐकू येत होती.

पहिल्यांदा वाघ कापायचा ठरलं. महादेवरावांनी चिकट पाटीवरचा कागद सोलला, आणि वळून कापड उचलेपर्यंत पाटी पांढरी झाली. बैठकीच्या हवेत पुंजाजीचा कापूस तरंगत होता. तो सगळा आपलं घर सापडल्यासारखा पाटीवर येऊन बसला. पाटीची मेंढी झाली. त्या मेंढीवर कापड काही चिकटेना. यंत्र सुरू झालं तसं कापड आत सरकलं, फिरलं, घडी पडली आणि बाहेर आलं तेव्हा वाघाचे कान पोटाला होते.

"चिकट राह्यलं नाई तं गुळाचं पानी लावा," ढिगावरून पुंजाजी म्हणाला. "पक्कं बसते."

महादेवरावांनी गुळाचं पाणी लावलं. कापड खरोखरच पक्कं बसलं. वाघ कापला गेला, पण पाटीवरून निघेना. तो सोडवायचा कसा यावर पुंजाजीचा विचार चालू होता, तोवर महादेवराव जेवायला गेले. परत येऊन पाहतात तो भिंतीतून एक काळी रांग निघून टेबलाच्या पायावरून थेट यंत्रात गेलेली. मुंग्यांनी वाघ वेढला होता. महादेवरावांनी घाबरून बटण दाबलं, तशी पाटी आतबाहेर करू लागली आणि तिच्यावर बसून सगळ्या मुंग्या आतबाहेर करू लागल्या.

"पाह्य बाप्पा, पाळना," पुंजाजी कौतुकानं म्हणाला.

अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी यंत्र पाहिलं, मुंग्या पाहिल्या, नवऱ्याकडे पाहिलं. मग पाटी ओढून काढली आणि रागारागानं खरकट्या भांड्यांत नेऊन टाकली. ती भांड्यांबरोबर घासली गेली, भांड्यांबरोबर पालथी पडली, आणि संध्याकाळी वाळल्यावर अन्नपूर्णाबाईंच्या बांगड्या तिला चिकटल्या तेव्हा कळलं की पाटीचा चिकटपणा परत आलाय. हे कसं झालं ते कुणालाच समजलं नाही. महादेवरावांनी मात्र "मला अंदाज होताच" असं म्हणून घेतलं. यंत्र कापसापासून दूर, स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीवर हलवण्यात आलं.

तिथं ते सुतासारखं सरळ चालू लागलं. वाघ, बकरी, हत्ती, माकड, सगळे रांगेत कापले गेले. महादेवराव इतके खूश झाले की दुपारी अन्नपूर्णाबाई भजनाला गेल्या तेवढ्यात त्यांनी खामगावचं सगळं कापड एकामागून एक यंत्राला देऊन टाकलं. प्रत्येक बाहुलीचे पुढचे-मागचे तुकडे जुळवून डिंकानं चिकटवले आणि गठ्ठे केले. मग पुंजाजीला बोलावून त्याच्यासमोर एक हत्ती उलगडला.

पुंजाजीनं हत्ती हातात घातला. बोट नव्हे, हात. मनगटापर्यंत.

"साहेब, कोन्या राक्षसाच्या बोटाचं माप घेतलं?"

महादेवरावांनी लॅपटॉपकडे धाव घेतली. त्यांनी सेंटीमीटरचे आकडे घातले होते. यंत्र ते इंच समजून बसलं होतं.

"माप बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "एकक चुकलं."

एवढं सांगून ते कोठीशेजारच्या पाटावर बसले. पुंजाजीनं आयुष्यात पहिल्यांदा सल्ला दिला नाही. त्यानं हत्ती मोबाइलला घालून पाहिला, तो नीट बसला, म्हणून निघताना विचारून घेऊन गेला.

मेळावा तोंडावर आला होता. डिंक लागलेलं कापड पुन्हा लहान कापायला गेलं, तर पातं अडकत होतं. खामगावला फोन केला, तर कापड संपलेलं. आणि त्यातच छाया रडवेली होऊन आली. "काका, पर्यवेक्षिका बाई म्हने, बाहेरचं साहित्य लेकरायच्या हातात द्याचं तं मान्यता पाह्यजे. नाई तं मले नोटीस येईन. मी तं मेळाव्याच्या कार्डावर बाहुल्यांचा खेळ छापून बसली!"

"मान्यता ना?" महादेवराव छाती काढून म्हणाले. "ते माझ्यावर सोड."

मान्यतेचं टेबल त्यांच्याच जुन्या कचेरीत होतं आणि त्या टेबलावर राजकुमार बसला होता. राजकुमार त्यांच्या हाताखाली वाढलेला. त्यानं उठून नमस्कार केला, स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला. मग अर्ज वाचला आणि चष्मा वर केला.

"साहेब, बाहुली म्हनजे शैक्षणिक साहित्य का खेळणी?"

"दोन्ही."

"तसं नाई चालत. खेळणी असन तं सुरक्षिततेचं पाहा लागते. साहित्य असन तं अभ्यासक्रमातला संदर्भ लागते. आन् 'बोटबाहुली' म्हंता, तं कोनतं बोट? अर्जात मोघम हाय."

"राजकुमार!" महादेवराव कडाडले. "हा काय चावटपणा आहे?"

राजकुमारचा चेहरा खरोखर दुखावला गेला. "साहेब, तुमीच तं शिकवलं. अर्जदाराले एक शंका द्याची, तो दोन घेऊन घरी जाते, म्हने. मी आजपन कोनाले एका खेपेत मोकळं करत नाई." आणि मग गुरूची आठवण आल्यामुळे त्याचा आवाज हळवा झाला. "पन तुमचं काम हाय म्हनून सांगतो. बघू ना."

महादेवरावांना तो 'ना' ऐकू आला. क्षणभर बरंही वाटलं. जिना उतरताना मात्र त्या 'ना'ची खरी किंमत जगात आपल्याइतकी कुणालाच माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि शेवटच्या पायरीवर ते जरा टेकले.

घरी आले तर अन्नपूर्णाबाईंनी पलंगाखालची ट्रंक उघडलेली. आत सत्काराच्या शाली. निवृत्तीच्या वेळी प्रत्येक खात्यानं, पतसंस्थेनं, गणेश मंडळानं एकेक घातली होती. प्रत्येक शालीला एक भाषण चिकटलेलं होतं आणि महादेवरावांना ती सगळी पाठ होती. 'कार्यतत्पर' ही जांभळी. 'प्रशासनाचा कणा' ही नारिंगी, जरीच्या काठाची.

"हे नाही," महादेवराव म्हणाले. "याला हात लावायचा नाही."

"तुमी आंगावर घेतली का एक तरी?"

"तो वापरायचा विषय नाही. तो सन्मान आहे."

अन्नपूर्णाबाईंनी नारिंगी शाल उजेडात धरली. मधोमध बारीक भोकांची नक्षी पडली होती. "कसरीनं खाल्ला तं चालते सन्मान," त्या म्हणाल्या, "लेकरायनं खेळला तं नाई चालत?"

महादेवराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर अंगणवाडीच्या ओट्यावर छाया मुलांना गाणं म्हणून दाखवत होती आणि मधेच डोळे पुसत होती. मग न वळता म्हणाले, "नारिंगीचा वाघ चांगला होईल."

अन्नपूर्णाबाईंनी शालींना खळ घालून कडक इस्त्री केली. महादेवरावांनी माप तीन-तीनदा तपासलं. पहिली बकरी स्वतःच्या करंगळीत घालून पाहिली, मग पुंजाजीच्या, मग वाटेनं जाणाऱ्या एका पोराला थांबवून त्याच्या. अन्नपूर्णाबाई शिलाई मशीनवर, महादेवराव कोठीपाशी, अशी दोघांनी कामाची वाटणी करून घेतली. इतकी वर्षं दोघांनी मिळून काही केलं होतं ते फक्त मुलीचं लग्न, आणि त्यातही भांडणच जास्त झालं होतं. आता 'कान द्या', 'शेपूट घ्या' यापलीकडे शब्द नव्हता. काठाची जर कुठं जाईल ते सांगता येत नव्हतं. वाघाच्या पोटावर जरीचा पट्टा आला. बकरीला जरीची दाढी आली. माकड तर सबंध जरीचंच निघालं आणि एखाद्या पतसंस्थेच्या अध्यक्षासारखं दिसू लागलं.

मेळाव्याच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर पताका लागल्या. मान्यता आली नव्हती. छाया पांढरी पडली होती. प्रकल्प अधिकारी बाई आल्या, मागे पर्यवेक्षिका, आणि त्यांच्या मागे कागद सांभाळत राजकुमार. महादेवरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बोटबाहुल्यांतून सांगायची गोष्टही त्यांनीच रचली होती: वाघ जेवणापूर्वी हात स्वच्छ धुतो आणि इतर प्राण्यांना त्याचे फायदे सांगतो.

ती गोष्ट वाघानं 'सर्वप्रथम' म्हणेपर्यंत चालली. मग मुलांनी ताटातल्या बाहुल्यांवर झडप घातली. माकडासाठी मारामारी झाली. वाघानं हात धुवायच्या ऐवजी हत्तीला खाल्लं. पुष्पांजली नावाची चार वर्षांची एक चिमुरडी बकरी घेऊन थेट महादेवरावांपाशी आली, त्यांचं बोट धरलं आणि त्यात बकरी घातली.

"आता तू बकरी हायेस," तिनं सांगितलं.

त्याच वेळी अधिकारी बाईंचा आवाज आला. "हे साहित्य कुठून आलं? मान्यता दिसत नाहीये फाइलला."

पर्यवेक्षिका छायाकडे बघू लागली. छाया जमिनीकडे बघू लागली. राजकुमार कागदांत तोंड घालून काहीतरी शोधू लागला.

महादेवराव पुढे झाले. घसा साफ केला. "महोदया, सदर विषयाबाबत सविनय सादर करण्यात येते की..."

"बकरी असं नाई बोलत!" पुष्पांजली किंचाळली.

मुलं हसली. महादेवरावांनी तिला डोळ्यांनी दटावलं आणि पुन्हा सुरुवात केली. "प्रस्तुत साहित्य हे..."

"बकरी असं नाई बोलत ना!" आता तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ थरथरत होता. ती केव्हाही भोकाड पसरणार, सगळी अंगणवाडी तिच्या मागोमाग पसरणार, आणि मग छायाला नोटिशीपासून कुणी वाचवू शकणार नाही, हे महादेवरावांना स्पष्ट दिसलं. समोर अधिकारी. मागे आपल्याच हाताखालचा कारकून. ओट्याखाली पुंजाजी आणि अर्धी गल्ली. इस्त्रीचा सदरा.

त्यांनी बोट वर केलं. जरीची दाढी हलली.

"म्यॅऽऽऽ," महादेवराव म्हणाले.

पुष्पांजलीचा ओठ थांबला. "अजून."

"म्यॅऽऽ! म्यॅऽऽऽ!"

कुणीतरी फिस्सकन हसलं; ते अन्नपूर्णाबाई होत्या, आणि त्यांना असं हसताना गल्लीनं पाहिलं नव्हतं. पुष्पांजलीनं ताटातून नारिंगी वाघ उचलला, अधिकारी बाईंच्या समोर गेली आणि त्यांचा हात ओढला. पर्यवेक्षिका "अगं, अगं" करेपर्यंत वाघ बाईंच्या बोटात बसला होता.

"तू वाघ. त्या बकरीले खाय."

अधिकारी बाईंनी बोटाकडे पाहिलं. समोरच्या बकरीकडे पाहिलं. बकरीनं, काय होईल ते होवो असं ठरवून, पुन्हा एक 'म्यॅ' केलं.

"डर्रऽऽ," अधिकारी बाई म्हणाल्या. आधी हळूच. मग एकदम मोठ्यानं, आणि मुलं ओरडत-खिदळत एकमेकांच्या अंगावर पडली. बाईंनी बकरीचा ओटाभर पाठलाग केला. दमून खुर्चीत बसताना त्या राजकुमारला म्हणाल्या, "मान्यतेचा कागद आणा. इथंच सही करते." राजकुमारनं कागद पुढे केला. बाईंनी सही केली ती वाघ बोटात ठेवूनच, त्यामुळे ती जरा फेंगडी आली.

छाया महादेवरावांच्या पाया पडायला वाकली. "राहू दे, राहू दे," ते म्हणाले. आवाज अजून थोडा बकरीचाच होता.

पुढच्या आठवडी बाजारात महादेवराव मेथीच्या ढिगाशी उभे होते. जुडी जून आहे की कोवळी, यावर पुंजाजीचा सल्ला चालू होता. गर्दीतून एक कोवळा आवाज आला.

"म्यॅ आबा! ए म्यॅ आबा!"

आईच्या कडेवर बसून पुष्पांजली हात हलवत होती. मेथीवाली थांबली. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. त्यांत कचेरीतली दोघं-तिघं होती. ज्यांनी त्यांना 'उमाळे साहेब' याखेरीज कधी हाक मारली नव्हती, ती.

महादेवरावांनी पिशवी पायाशी ठेवली. चष्मा सारखा केला. इकडे-तिकडे पाहिलं. आणि मग बकरीचं ते बोट वर करून त्यांनी 'म्यॅ' असं उत्तर दिलं. पण बेतानंच, हेडक्लार्कच्या हुद्द्याला शोभेल इतकंच.